विमानाभोवतीची फेरी: मराठवाड्यातल्या खासगी वैमानिकांसाठी प्री-फ्लाइट तपासणीची पक्की पद्धत

प्री-फ्लाइटमध्ये होणाऱ्या चुका ठरावीक आहेत. कुणी जिथं उभं असेल तिथूनच तपासणी सुरू करतं. कुणाला मध्येच फोन येतो आणि उरलेली बाजू 'बघितली असेल' म्हणून सोडली जाते. कुणी इंधनाचा काटा पाहून समाधान मानतं, टाकीचं झाकण उघडतच नाही. सगळ्यात घातक सवय म्हणजे काल उडालेलं विमान आज ठीकच असणार असं धरून फेरी मारणं. अशा फेरीत डोळे फिरतात, पण काही दिसत नाही. 'या विमानात आज काहीतरी बिघडलेलं आहे आणि ते मला सापडायचं आहे' असं मनाशी धरून निघालात तर हीच फेरी तुमच्या हातून वेगळी होते.

खालचा क्रम सेसना १५२ किंवा १७२ सारख्या, वर पंख असलेल्या पिस्टन विमानाला धरून आहे. तुमच्या विमानाचं मॅन्युअल काही वेगळं सांगत असेल तर मॅन्युअल पाळा. चेकलिस्ट हातात हवीच, ती कितीही पाठ असली तरी.

## १. आदल्या संध्याकाळी, घरी

हा टप्पा लोक विमानतळावर उरकतात आणि तिथं तो घाईत होतो. घरी शांतपणे बसून करा.

कागदपत्रं आधी. विमानाचं नोंदणी प्रमाणपत्र, एअरवर्दिनेस प्रमाणपत्र आणि त्याचा चालू रिव्ह्यू, विमा, रेडिओ परवाना, फ्लाइट मॅन्युअल, वजनाचा तक्ता. तुमचं लायसन्स, मेडिकल आणि रेडिओ टेलिफोनीचं लायसन्स. प्रत्येकाची मुदत डोळ्यांनी वाचा. टेक लॉगमधली (विमानाच्या तांत्रिक नोंदवहीतली) मागची पानं चाळा: उघडा राहिलेला स्नॅग (नोंदवलेला बिघाड) आहे का, पुढच्या इन्स्पेक्शनला किती तास उरलेत, मागच्या वैमानिकाने काही लिहून ठेवलंय का. टेक लॉग घरी नसेल तर विमानाला हात लावण्याआधीचं पहिलं काम तेच.

मग हवामान, नोटॅम (वैमानिकांसाठीच्या ताज्या सूचना), फ्लाइट प्लॅन, एडीसी (हवाई संरक्षणाची परवानगी) आणि एफआयसी (उड्डाण माहिती केंद्र) क्रमांक. यांची कल्पना सगळ्यांना आहे, म्हणून इथे थांबत नाही.

थांबायचं ते वजन आणि उष्णतेपाशी. छत्रपती संभाजीनगरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण १९०० फूट उंचीवर आहे. मे महिन्यातली दुपार धरा: तापमान ४० अंश, क्यूएनएच (समुद्रसपाटीला धरलेला हवेचा दाब) १००५. दाब कमी असल्यामुळे प्रेशर अल्टिट्यूड (दाबावरून ठरणारी उंची) २१०० फुटांच्या आसपास जातं. त्या उंचीला प्रमाण तापमान ११ अंशांच्या जवळ, म्हणजे हवा २९ अंशांनी जास्त गरम. दर अंशाला १२० फूट धरले तर डेन्सिटी अल्टिट्यूड (हवेच्या विरळपणावरून ठरणारी उंची) सुमारे ५६०० फूट येतं. कळसूबाईचं शिखर ५४०० फूट आहे. मे महिन्यातल्या दुपारी चिकलठाण्याच्या, म्हणजे याच विमानतळाच्या, धावपट्टीवर तुमच्या इंजिनाला आणि पंखांना कळसूबाईच्या माथ्यावरची हवा मिळते. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं. प्रॉप (नाकावरचा फिरता पंखा) आणि पंखांचंही काम त्याच विरळ हवेत चालतं.

म्हणून टेक-ऑफचं अंतर आणि चढण्याचा वेग मॅन्युअलच्या तक्त्यातून काढा, उद्याच्या तापमानाला, उद्याच्या वजनाला. माणसांची वजनं खरी घ्या. 'सत्तर-पंच्याहत्तर असतील' चालणार नाही. बॅगा वजनकाट्यावर ठेवा. गावी जाताना माणूस रिकाम्या हाताने निघत नाही. तुरीच्या डाळीचं पोतंसुद्धा सामानच आहे आणि ते मागच्या कप्प्यात गेलं की गुरुत्वमध्य मागे सरकतो. आकडे बसत नसतील तर पहाटे निघा, इंधन कमी घ्या, किंवा एक माणूस मागे ठेवा. हा निर्णय घरीच होऊ द्या. पाहुणे विमानापाशी येऊन उभे राहिले की तो घेणं फार जड जातं.

तपासा: आकडे कागदावर लिहिलेत का? डोक्यात ठेवलेलं गणित धरू नका.

## २. निघण्याआधी स्वतःची तपासणी

झोप, औषध, ताप, डोक्यातली काळजी. दारूच्या बाबतीत नियम स्पष्ट आहे: उड्डाणाआधी १२ तास काहीही नाही. सर्दी-खोकल्याच्या साध्या गोळीनेही झापड येते, तेव्हा मेडिकलवाल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊन उडू नका.

आपल्याकडे आणखी दोन गोष्टी बघाव्या लागतात. एक उपवास. चतुर्थी, एकादशी, नवरात्र, रोजे: श्रद्धेबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, पण उन्हाळ्यात निर्जळ राहून तापलेल्या कॉकपिटमध्ये बसणाऱ्या माणसाचा निर्णय मंदावतो आणि ते त्याला स्वतःला कळत नाही. त्या दिवशी उड्डाण ठेवू नका. दुसरं लग्नसराईतलं जागरण. वरात रात्री दोनला संपली असेल तर सकाळी सातचं उड्डाण दुसऱ्या दिवशी ढकला.

## ३. इंधन आधी भरून घ्या

तपासणी झाल्यावर इंधन भरणं ही क्रमातली सगळ्यात मोठी चूक. भरताना टाकीतलं पाणी आणि गाळ ढवळला जातो, तो खाली बसायला वेळ लागतो. बाहेरची फेरी आधीच झालेली असेल तर नव्या इंधनाचा नमुना कुणीच घेत नाही आणि टाकीचं झाकण दुसऱ्याने लावलेलं राहतं. म्हणून विमान सपाट जागी उभं करा, अर्थिंगची तार जोडा, इंधन भरून घ्या, आणि मग कॉकपिट आणि शेपटीकडे वळा. पंखापर्यंत पोचायला पंधरा-वीस मिनिटं जातात, तेवढ्यात पाणी तळाशी बसतं.

भरताना स्वतः समोर उभे राहा. आपल्या भागातल्या विमानतळांवर मोठ्या विमानांची वर्दळ जास्त, म्हणजे बाऊजरमध्ये (इंधनाच्या टँकरमध्ये) जेट ए-१ (जेट विमानांचं इंधन) असण्याची शक्यता जास्त. पिस्टन इंजिनाच्या टाकीत ते गेलं तर इंजिन सुरूही होईल आणि विमान उचलेलही, कारण नळ्यांमध्ये थोडं एव्हगॅस (पिस्टन विमानाचं पेट्रोल) उरलेलं असतं. बंद पडेल ते हवेत गेल्यावर. बाऊजरवरचं लेबल वाचा, पावतीवरचं नाव वाचा.

एव्हगॅस ड्रममधून येत असेल तर आणखी काळजी घ्या. उघड्यावर उभा ठेवलेला ड्रम पावसाचं पाणी झाकणाभोवती साठवतो. दिवसा तापून रात्री गार झाला की ते आत ओढतो. ड्रम सावलीत, झाकलेला किंवा आडवा हवा. सील आणि बॅचची तारीख पाहा. पंपाची नळी तळाला टेकू देऊ नका आणि पाणी अडवणाऱ्या गाळणीशिवाय एक लिटरही टाकीत जाऊ देऊ नका.

सावधान: पावती लिटरमध्ये येते, मॅन्युअल अमेरिकी गॅलनमध्ये बोलतं. एक गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर. सेसना १५२ च्या साध्या टाक्यांतलं वापरता येणारं इंधन २४.५ गॅलन, म्हणजे सुमारे ९३ लिटर. वजन काढताना लिटरला ०.७२ किलो धरा. हे रूपांतर कागदावर करा आणि दुसऱ्याकडून तपासून घ्या.

## ४. लांबून एक नजर

विमानापर्यंत चालत जाताना वीसेक पावलांवर थांबा. एका बाजूला कललंय का? खाली काही गळलंय का? चाकाजवळ ओला डाग आहे का? मध्येच एखादा पॅनल वेगळा चमकतोय का? जवळ गेल्यावर हे दिसत नाही.

## ५. कॉकपिट

पहिल्यांदा कंट्रोल लॉक काढा. मग मॅग्नेटोची (इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या यंत्राची) चावी 'ऑफ' आहे हे पाहून ती बाहेर काढा आणि डॅशवर, बाहेरून दिसेल अशी ठेवा. मिक्स्चर (इंधन-हवेचं प्रमाण ठरवणारा दांडा) बंद. त्यानंतरच मास्टर (विजेचा मुख्य स्विच) ऑन करून फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेचे खाली येणारे भाग) पूर्ण खाली घ्या, इंधनाचे काटे पाहा, दिवे आणि पिटॉट हीट (वेग मोजणाऱ्या नळीचा हीटर) तपासा. पिटॉट हीटला क्षणभरच ऑन करा, नळी चटका देते. मास्टर परत ऑफ. फ्लॅप खाली घेऊन मास्टर तसाच विसरणारे वैमानिक बॅटरी संपवून बसतात.

खुर्चीची पिन रुळात बसते का ते हाताने हलवून पाहा. टेक-ऑफच्या वेळी खुर्ची मागे घसरली तर वैमानिक योक (विमान चालवायचं हँडल) ओढतच मागे जातो. अग्निशामकाचा काटा हिरव्यात हवा. विंडशील्ड ओल्या स्वच्छ कापडाने पुसा. आपल्याकडची धूळ कोरड्या फडक्याने पुसली की अ‍ॅक्रिलिकवर ओरखडे पडतात आणि सकाळचं ऊन समोरून आलं की काही दिसत नाही.

## ६. शेपटी आणि उजवा पंख

कॉकपिटमधून उतरल्यावर मागे जा, शेपटीला वळसा घाला आणि उजव्या पंखाकडे या. हीच दिशा, दर वेळी.

इथं डोळ्यांइतकंच काम हाताला द्या. एलिव्हेटर (शेपटीचा आडवा हलता भाग) आणि रडर (उभा हलता भाग) हलवा. बिजागरीचे बोल्ट, त्यांवरची सेफ्टी वायर, केबलचं टोक. ट्रिम टॅबला फार ढिलाई नको. शेपटीच्या शेवटच्या पोकळीत टॉर्च मारा. सुगीनंतर शेतातले उंदीर हँगरकडे वळतात. तारांचं आवरण कुरतडलेलं असेल किंवा लेंड्या दिसल्या तर विमान तिथंच थांबतं, एएमईला (विमान देखभाल अभियंत्याला) बोलवा.

फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये गारपीट झाली असेल तर पंखांच्या आणि एलिव्हेटरच्या वरच्या पत्र्यावर तिरका प्रकाश पडेल असं उभं राहून खळगे शोधा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली मराठवाड्यातली गारपीट आठवणाऱ्याला गार काय करते हे सांगायला नको. कंपोझिट विमानात वरून काही दिसत नाही, आतला थर सुटलेला असतो. नाण्याने हलकेच ठोका, भद्द आवाज आला तर तिथं शंका घ्या. खळगा 'चालण्यासारखा' आहे का, हे एएमई ठरवेल.

फ्लॅपचे रूळ, रोलर आणि दांडे पाहा. रुळात वाळलेली काळी माती असते. ओली असताना ती चाकाने उडवून चिकटवलेली, वाळल्यावर दगड झालेली. नखाने निघत नसेल तर लाकडी काडीने काढा.

उजवं चाक: टायरचा कट, हवा, टायर आणि रिमवरची खूण सरकलीय का, ब्रेकचा पाइप ओला आहे का. पावसाळ्यात व्हील फेअरिंगच्या आत हात घालून चिखल काढा. हात घालण्याआधी टॉर्च मारा, ओलाव्याला विंचू येतात.

## ७. इंधनाचा नमुना

या टप्प्याला वेळ द्या. विमान हलवण्याआधी, प्रत्येक ड्रेनमधून नमुना घ्यायचा. सेसना १७२ एस मध्ये असे तेरा ड्रेन आहेत, प्रत्येक पंखाखाली पाच आणि पोटाखाली तीन. तेराच्या तेरा. 'दोन-चार बघितले की कळतं' असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका. पाणी नेमकं त्याच्या न बघितलेल्या ड्रेनपाशी असू शकतं.

टेस्टर निम्मा भरा, डोळ्यांच्या रेषेत धरा, मागे पांढरा कागद. एव्हगॅस १०० एलएल फिकट निळं दिसतं. तळाशी पाणी असेल तर रंगहीन गोल थेंब बसलेला दिसेल, आणि टेस्टर तिरका केला की तो तळावरून घरंगळेल. काळे कण म्हणजे रबर किंवा गाळ, लालसर म्हणजे गंज. थेंब दिसला तर पुन्हा काढा, आणखी काढा, पूर्ण स्वच्छ येईपर्यंत. पंखाची टोकं हलकेच हलवून पाच मिनिटांनी परत एकदा. तरीही पाणी येत राहिलं तर उड्डाण रद्द.

सावधान: टेस्टरमध्ये सगळंच पाणी आलं तर थेंब दिसत नाही, सारं एकसारखं स्वच्छ दिसतं. म्हणून रंग नक्की पाहा, वास घ्या. दोन थेंब सिमेंटवर टाका. एव्हगॅस बघता बघता उडून जातं, पाणी ओलं राहतं, जेट ए-१ तेलकट डाग सोडतं.

डिसेंबर-जानेवारीत अर्धी भरलेली टाकी रात्री गार पडते आणि आतल्या ओलाव्याचं पाणी होतं. विमान बरेच दिवस उभं राहणार असेल तर, वजनाचं गणित परवानगी देत असल्यास, टाक्या भरून ठेवा.

मग शिडी लावून वर चढा, झाकण उघडा, डिपस्टिकने मोजा. तुमच्या विमानाच्या, त्याच टाकीच्या डिपस्टिकने. काट्याचा आकडा आणि डिपस्टिकचा आकडा जुळत नसेल तर डिपस्टिक धरा आणि काटा स्नॅग म्हणून लिहा. झाकणाचा रबर उन्हाने तडकलाय का पाहा. झाकण सैल राहिलं तर पंखावरची हवा हवेत इंधन ओढून बाहेर काढते. झाकण स्वतः लावा, स्वतः हलवून पाहा.

## ८. नाक आणि इंजिन

प्रॉपला नेहमी 'जिवंत' समजा. मॅग्नेटोची ग्राउंड वायर तुटलेली असेल तर चावी ऑफ असूनही हलक्या धक्क्याने इंजिन एक ठोका घेऊ शकतं. प्रॉपच्या पट्ट्यात उभं राहू नका, उगाच फिरवू नका.

पात्याच्या पुढच्या कडेवरून नख फिरवा. नख अडकेल असा खाचा सापडला तर एएमईला दाखवा; छोट्या खाचेपासून भेग सुरू होते. कमी वापराच्या धावपट्टीवर खडी सुटलेली असते, म्हणून तिथून आल्यावर हे विशेष बघा.

ऑइल मोजा. सेसना १५२ ला चार क्वार्ट आणि १७२ एस ला पाच क्वार्ट यापेक्षा कमी असताना उडायचं नाही. डिपस्टिक घट्ट बसवा, काउलिंगचं (इंजिनावरच्या आवरणाचं) छोटं दार बंद करा. काउलिंगच्या दोन्ही तोंडांतून टॉर्च मारून आत बघा. साळुंक्या आणि चिमण्या एका सकाळीत मूठभर काड्या जमवतात. एक काडी दिसली तर काउल उघडून घ्या. मागच्या सिलिंडरवर घरटं असेल तर ते बाहेरून दिसत नाही आणि उड्डाणात पेट घेतं.

एअर फिल्टर. मार्चपासून जूनपर्यंत दर उड्डाणाआधी. फिल्टर मातीने पिवळा पडला असेल तर इंजिनाची ताकद, आधीच उन्हाने कमी झालेली, आणखी घटते. कार्ब्युरेटर हीट ओढली की हवा फिल्टरला वळसा घालून येते, म्हणून धुळीच्या एप्रनवर (विमानं उभी करायच्या जागेवर) ती मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या तपासणीपुरतीच ओढा.

## ९. डावा पंख: पिटॉट, स्टॅटिक, व्हेंट

कुंभारीण माशी मराठवाड्यातल्या प्रत्येक घराच्या चौकटीवर दिसते. चिखलाच्या गोळ्या आणून ती अरुंद भोकात घर बांधते, आत अळी ठेवते आणि तोंड लिंपून टाकते. पिटॉट नळी आणि टाकीचा व्हेंट (टाकीत हवा जायची नळी) तिच्या अगदी मापाचे. नळीच्या तोंडाशी बोटभर आत चिखल लिंपलेला असला तर दोन हातांवरून नळी उघडीच दिसते. वाकून, टॉर्च धरून, थेट तोंडात बघावं लागतं.

६ फेब्रुवारी १९९६ रोजी डोमिनिकन रिपब्लिकमधल्या पुएर्तो प्लाताहून निघालेलं बर्जेनेअरचं बोईंग ७५७ समुद्रात कोसळलं, १८९ माणसं गेली. एक पिटॉट बंद होता आणि सगळ्यात संभाव्य कारण म्हणून अशाच माशीच्या घराकडे बोट दाखवलं गेलं. विमान कव्हरविना उभं होतं. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला एरोपेरूचं ७५७ लिमाजवळ पडलं, ७० जण गेले. विमान धुताना स्टॅटिक पोर्टवर (बाहेरच्या हवेचा दाब घेणाऱ्या भोकावर) लावलेली चिकटपट्टी कुणी काढली नव्हती आणि फेरीत ती कुणाला दिसली नाही.

पिटॉटमध्ये फुंकू नका, तार घालू नका. आतलं यंत्र बिघडतं आणि चिखल आणखी आत जातो. बंद दिसलं तर एएमई साफ करेल. स्टॅटिक पोर्टवर बोट फिरवा: पॉलिश, पट्टी, पाण्याचा थेंब. व्हेंट बंद असेल तर टाकीत हवा जात नाही आणि भरल्या टाकीवर इंजिन उपाशी मरतं. स्टॉल वॉर्निंगही (पंखांची उचल सुटण्याआधी वाजणारी सूचना) तपासा.

## १०. शेवटची फेरी

आता चेकलिस्ट खिशात ठेवा आणि मोकळ्या डोळ्यांनी विमानाभोवती पूर्ण चक्कर मारा. चोक (चाकाला लावलेल्या अडण्या), टाय-डाउनचे दोर, टो-बार (विमान ओढायचा दांडा), पिटॉट कव्हर, दोन्ही टाक्यांची झाकणं, ऑइलचं दार, सामानाचं दार. त्यानंतर विमानाला कुणी हात लावला तर ही चक्कर परत.

मध्येच अडथळा आला तर: फोन गाडीत ठेवा. छोटं विमान उभं दिसलं की ओळखीचे येतात, काका फोटो मागतात, पोरांना पंखाला हात लावायचा असतो. सगळ्यांना नमस्कार करा आणि 'पंधरा मिनिटं थांबा, मग दाखवतो' म्हणा. तरीही तंद्री मोडली तर चालू टप्पा पहिल्यापासून करा. 'इथवर झालं होतं' या आठवणीवर विसंबू नका. हेल्पर 'साहेब, सकाळीच बघितलंय' म्हणाला तर त्याचे आभार माना आणि स्वतः बघा. सही तुमची असते.

लहान धावपट्टीवरून निघणार असाल तर शक्य असल्यास गाडीने तिची पूर्ण लांबी फिरून या. कुत्री, रोही, रानडुकरं, खडी.

## ११. इंजिन सुरू झाल्यावर

कंट्रोल मोकळे हलतात एवढं पुरेसं नाही, ते योग्य दिशेला हलतात का हे खिडकीतून बघा. योकवर दोन्ही अंगठे उभे धरा आणि डावीकडे वळवा. अंगठे ज्या बाजूला झुकले त्या बाजूचा एलेरॉन (पंखाच्या टोकाकडचा हलता भाग) वर गेला पाहिजे. कंट्रोलचं काही काम होऊन विमान आलं असेल तर ही तपासणी दोनदा, दुसऱ्या माणसाला बाहेर उभं करून.

रन-अपसाठी (टेक-ऑफआधी इंजिनाचा वेग वाढवून तपासण्यासाठी) नाक वाऱ्याकडे आणि स्वच्छ जमिनीवर. १७२ एस मध्ये १८०० आरपीएमला एका मॅग्नेटोवर घट १५० पेक्षा जास्त नको आणि दोन्हींतला फरक ५० पेक्षा जास्त नको. घट अजिबात झाली नाही तर खूश होऊ नका. तो मॅग्नेटो बंदच होत नसावा, म्हणजे प्रॉप उभा असतानाही धोकादायक आहे.

## स्नॅग सापडला तर

टेक लॉगमध्ये लिहा, काय दिसलं ते साध्या शब्दांत: 'डाव्या ब्रेकच्या पाइपजवळ लाल द्रव, रात्रभरात नाण्याएवढा डाग.' 'ब्रेक बरोबर नाही' एवढ्याने एएमईला काही कळत नाही. फोटो काढून ठेवा. तोंडी सांगून निघून जाऊ नका, पुढचा वैमानिक ते ऐकायला तिथं नसतो.

त्याच दिवशी दुसरं उड्डाण असेल तर इंधन, ऑइल, टायर, पिटॉट, झाकणं आणि शेवटची फेरी पुन्हा करा. इंधन भरलं असेल तर सगळे नमुनेही पुन्हा. लातूरला, नांदेडला किंवा धाराशिवला तासभर चहाला थांबत असाल तरी उतरल्याबरोबर पिटॉट कव्हर लावा.